जुन्या मोटारींत मागची चाकं फिरवणारी साखळी जाऊन शाफ्टनं (फिरत्या दांड्यानं) चालणारा एक्सल, म्हणजे चाकांचा आडवा आस आला, तो खरंच जास्त भरवशाचा होता का?

साखळी उघड्यावर चालायची. चिखल, धूळ, वंगणाचे शिंतोडे, सैल झाली की ताणत बसा. फ्रेंच मोटारकार लुई रेनोनं १८९८ मध्ये शाफ्टनं थेट मागच्या एक्सलला जोर दिला आणि हळूहळू बाकीचेही तिकडे वळले. ताकदवान गाड्या मात्र पुढची काही वर्षं साखळीवरच होत्या.

भरवशाचं म्हणाल, तर फोर्ड मॉडेल टीचा एक्सल उघडून बघा. ११ दात्यांचा पिनियन, म्हणजे शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, एक्सलवरच्या ४० दात्यांच्या मोठ्या चाकाला, क्राउनला फिरवतो आणि फिरवताना त्याला बाजूला रेटतो. तो रेटा पेलायला हाउसिंगमध्ये, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचात, बॅबिटचं वॉशर (चपटी कडी). बॅबिट म्हणजे मऊ मिश्रधातू, जुना झाला की चुरा होतो. वॉशर गेलं की क्राउन सरकतो, दाते सुटतात. आणि पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्समधल्या ड्रमवर! म्हणजे दाते सुटले की ड्रमचा चाकांशी संबंधच तुटतो, ब्रेकही गेला.

माझ्या आतेभावाकडे अशी एक गाडी आहे. मी म्हणत होतो, एक्सल उघडू. त्याचं एकच, "आवाज नाही, गळती नाही, ओरिजिनल मालाला हात कशाला लावायचा?" त्याच्या मिस्त्रीनंही मान डोलावली. मग एका उतारावर मागून खर्रर्र झालं. भावानं पेडल पार खाली दाबलं, गाडी आपली चाललीच आहे. शेवटी हातब्रेक ओढून बांधाला घासत थांबवली. हातब्रेक तेवढा मागच्या चाकांवर असतो, तोही नावापुरता. हाउसिंग उघडलं तर काळ्या ग्रीसमध्ये डाळीएवढे करडे तुकडे, वॉशर म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

तेव्हा ब्राँझची वॉशर टाका, डोळे झाकून. बाहेरून दिसत नाहीत, गाडीची शान जात नाही. उतारावर जाणार असाल तर मागच्या चाकांना जादा ब्रेकही बसवून घ्या. आता हे सगळं मॉडेल टीपुरतं; प्रत्येक जुन्या गाडीत बॅबिट असतंच असं नाही, आणि कोणी आधीच बदललेलं असेल तर उगाच खोलू नका. पण बदललंय असं नुसतं तोंडी सांगत असेल, तर उघडून दाखव म्हणा. आमचा भाऊ अजूनही त्या उतारालाच दोष देतो.