लॅपटॉपचा पंखा सारखा वर-खाली होतो. आवाजही कमी राहील आणि तापमानही आटोक्यात राहील, असा त्याचा वेग सेट करता येतो का?

येतो. आणि तुम्ही लिहिलेलं 'वर-खाली' हेच खरं दुखणं आहे. एका सुरात चालणारा पंखा थोड्या वेळाने कानांना जाणवेनासा होतो. शांत, मग घूंऽऽ, परत शांत, परत घूंऽऽ, हे मात्र डोकं उठवतं.

मी आधी उलटंच केलं होतं. ५० अंशांपर्यंत पंखा बंद, ५० ला चालू. झालं काय, नवा टॅब उघडला की प्रोसेसर ४७ वरून थेट ७० वर उडी मारायचा, पंखा भर्रकन सुटायचा आणि पान उघडून होतं न होतं तोच गप्प. दुसऱ्या रात्रीच तो प्रयोग गुंडाळला. प्रोसेसरमधला सेन्सर चिपचं तापमान सांगतो आणि ते क्षणात चढतं-उतरतं. तांब्याचा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, मात्र सावकाश तापतो. त्यामुळे सेकंदभराच्या उडीसाठी पंख्याने धावायची गरजच नसते.

उपाय म्हणजे चढायचा आकडा वेगळा आणि उतरायचा वेगळा. माझ्याकडे आता पंखा मिनिटाला २,३०० फेऱ्यांवर जवळपास कायम फिरत असतो. ६८ अंशांना पुढची पायरी, पण तिथून खाली यायचं ते ५८ झाल्यावरच. ८२ ला तिसरी, परत यायचं ७० ला. ९० च्या वर पूर्ण वेग, तिथे आवाजाची भीड ठेवायची नाही. सॉफ्टवेअरमध्ये विलंबाची सोय असेल तर तीन-चार सेकंद द्या, बऱ्याच उड्या तिथेच जिरतात.

कायम चालू ठेवण्यामागे हिशोब आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवाही साधारण निम्मीच होते, पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे हळू फिरणारा पंखा फार स्वस्तात पडतो. पंखा पूर्ण बंद केला की आतली एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) आणि बॅटरीही त्याच उकाड्यात बसतात, आणि उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

पायऱ्या ठरवताना आकडे बाजूला ठेवा आणि कान लावा. माझा पंखा ३,४०० च्या आसपास बारीक शिट्टी मारतो. ३,१०० ला ती नाही, आणि ३,७०० ला नुसता वाऱ्याचा आवाज. म्हणून मधला वेग मी गाळूनच टाकला.

पण खरा फरक पंख्याला हात न लावता पडला: टर्बो, म्हणजे प्रोसेसरची गरजेला नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळायची सोय, बंद केला. प्रोसेसर वरच्या वेगाला जाताना व्होल्टेजही वाढवतो, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाट उष्णता. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' दिसत असेल तर १०० चं ९९ करा, बहुतेक लॅपटॉपवर एवढ्याने टर्बो थांबतो. ब्राउझिंग, लेखन, व्हिडिओ बघणं यात मला काही जाणवलं नाही. व्हिडिओ एक्सपोर्ट करताना जाणवतं, तेव्हा परत १०० करतो.

साधनांचं म्हणाल तर आधी बायोस (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारी सेटिंग्ज) आणि कंपनीचं स्वतःचं ॲप बघा, 'क्वाएट'सारखा मोड कित्येकदा पुरतो. थिंकपॅडवर लिनक्स असेल तर थिंकफॅन हा प्रोग्रॅम उत्तम. त्यात प्रत्येक पायरीला खालचं आणि वरचं तापमान वेगळं देता येतं, फक्त लिनक्सच्या थिंकपॅड-एसीपीआय या ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये फॅन कंट्रोल चालू करावं लागतं. इतर लॅपटॉपसाठी नोटबुक फॅनकंट्रोल हा प्रोग्रॅम आहे, पण तुमच्या नेमक्या मॉडेलची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) मिळाली तरच वापरा. ते थेट एम्बेडेड कंट्रोलरमध्ये, म्हणजे पंखा वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या चिपमध्ये, लिहितं. 'जवळपास सारखं' मॉडेल तिथे चालत नाही.

सेटिंग झाल्यावर वीसेक मिनिटं भरपूर लोड देऊन बघा, दोन मिनिटांत काही कळत नाही. ८५ दिसलं म्हणून घाबरू नका. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० असते आणि तिथे पोचले की ते स्वतःच वेग कमी करतात. साध्या कामातही ८५ च्या खाली येत नसेल, तर मात्र सेटिंगशी खेळत बसू नका. हीटसिंकच्या जाळीत बहुतेक धुळीचा नमदा बसलेला असणार. हवा मारून तो काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं.