किट परत पाठवू नका, आधी सीरम पातळ करा

तुमचा प्रश्न असा: सांगलीत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ह्युमन ईजीएफआरचं (पेशीला वाढीचा संदेश देणारा रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन) एलायझा किट (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणारी चाचणी) आणलं, त्यातलं सगळ्यात वरचं स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक प्रमाणाचा नमुना, ४००० पिकोग्रॅम प्रति मिली. सीरम चौपट पातळ केलं तरी सगळे नमुने त्याच्याही वर गेले, डुप्लिकेट, म्हणजे एकाच नमुन्याची दोन मोजमापं, जुळेनात. किट खराब असेल का?

मला तसं वाटत नाही. निरोगी माणसाच्या सीरममध्येही हा रिसेप्टर मिलीमागे काही दहा नॅनोग्रॅम असतो. समजा ४० नॅनोग्रॅम, म्हणजे ४०,००० पिकोग्रॅम. चौपट पातळ करून १०,००० उरले, वर जाणारच. वीसपट केलंत तर २,०००, स्टँडर्डच्या आलेखाच्या मधोमध. रंगाची क्रिया थांबवणारं स्टॉप सोल्यूशन टाकल्यावर प्लेट पिवळी धमक झाली असणार. सांगलीकराला हळदीचा रंग काय सांगायचा, पण इथे एवढी गडद हळद कामाची नाही! वरच्या टोकाला आलेख सपाट होतो, मग ओडीत (रंगाच्या गडदपणाच्या मापात) जरासा फरक पडला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. तुमचे डुप्लिकेट बहुतेक तिथेच फुटलेत.

एकच नमुना १०, २०, ४० आणि ८० पट पातळ करून लावा, किटसोबतच्या डायल्युअंटमध्येच (पातळ करायच्या द्रावणात). पटीने गुणल्यावर उत्तरं साधारण ८० ते १२० टक्क्यांत जुळली की ती पट धरा. जुळली नाहीत तर सीरममधलं दुसरं काहीतरी आड येतंय.

आता तुम्ही न विचारलेलं, पण परीक्षक विचारतीलच असं. हा तर पेशीच्या पडद्यात रुतलेला, सुमारे १७० किलोडाल्टनचा रिसेप्टर. रक्तात कसा आला? रक्तात असतो तो त्याचा बाहेरचा भाग, सुटा. काही पेशी तो मुळातच आखूड बनवून बाहेर सोडतात, काही वेळा एन्झाइम तो कापून टाकतात. तुमच्या किटसारख्या सँडविच एलायझात दोन अँटिबॉडी लागतात, एक प्रथिन पकडायला, दुसरी ते मोजायला. त्यातली एक जरी पेशीच्या आतल्या भागाला धरणारी असती, तर सीरममध्ये जवळजवळ काहीच दिसलं नसतं. तुम्हाला भरपूर दिसतंय, म्हणजे दोन्ही बाहेरचा भाग धरतात. असं किट पेशींच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून केलेल्या द्रावणात) अख्खा रिसेप्टर मोजेल. त्यामुळे सीरम आणि लायसेटचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. लायसेटचा आकडा एकूण प्रोटीनच्या मिलिग्रॅममागे लिहा. पॉझिटिव्ह कंट्रोलला (नक्की ईजीएफआर दाखवणारा तुलनेचा नमुना) ए४३१ पेशी उत्तम, त्यांच्यात ईजीएफआर भरमसाट असतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या (एनसीसीएस) पेशीपेढीत चौकशी करा.

डुप्लिकेटचं आणखी एक कारण मी स्वतः भोगलंय. मे महिन्यात मिरजेत प्लेट झाकण न लावता पंख्याखाली ठेवली होती. कडेच्या वेल (प्लेटमधले खळगे) सुकल्या, मधल्या ठीक, आणि मी दोन दिवस पिपेटला शिव्या देत बसलो. सीलर लावाच, आणि किट फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. धुण्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नको, रंग आणणारं एन्झाइम एचआरपी मरतं.

नवी प्लेट झाली की ४५० नॅनोमीटरचे ओडी इथे टाका, कुठला नमुना कुठल्या वेलमध्ये होता त्यासकट.