नेमबाजांचे प्रश्न : .२२ रायफल, नळी आणि काडतुसांचा लॉट

पॅरिसमध्ये २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून आमच्या टपालात एअर रायफलची पत्रं मागे पडली आणि '.२२ (०.२२ इंच गोळीची रायफल) कुठली घेऊ' ही पुढे आली. या अंकात सातारा-सांगलीकडची पाच पत्रं घेतली आहेत.

मुलगा दोन वर्षं क्लबच्या रायफलीवर प्रोन (झोपून) आणि थ्री पोझिशनचा सराव करतो आहे. आता स्वतःची रायफल घ्यायची आहे. नवी सीझेड ४५७ घ्यावी की वापरलेली अन्शुट्झ, ५४ ॲक्शनची (ॲक्शन म्हणजे काडतूस भरून उडवणारी यंत्रणा)? नेटवर दोन्हींचे मालक 'एका भोकात पाच' असंच सांगतात.
— एक पालक, सातारा

'एका भोकात पाच' आधी बाजूला ठेवा. तो दावा खोटा असतोच असं नाही, पण तो बहुधा पुष्कळ ग्रुपांमधून (ग्रुप म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) निवडलेला सर्वांत देखणा ग्रुप असतो. शिवाय गोळ्या कमी मारल्या की ग्रुप लहानच दिसणार. त्याच रायफलीतून, त्याच डब्यातल्या पाचऐवजी दहा गोळ्या मारल्या तर ग्रुप सरासरी सव्वापट होतो. म्हणजे एकाचे पाच गोळ्यांचे १२ मिमी आणि दुसऱ्याचे दहा गोळ्यांचे १५ मिमी ही एकाच तोडीची कामगिरी झाली. तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवून कोणी रायफल विकत असेल तर चहा घ्या आणि परत या.

किती अचूकता लागते, ते लक्ष्यावरून काढता येतं. ५० मीटरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं आणि गोळी ५.६ मिमीची. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात, म्हणून भोकाचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत सरकलेला चालतो. मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिमीचा ग्रुप बरोबर मधोमध पडला तर सगळे दहा. पण हे शिकंज्यात आवळलेल्या रायफलीचं झालं. मुलाच्या श्वासाला, नाडीला आणि चुकलेल्या चापाला जागा उरायची तर रायफल आणि काडतूस मिळून दहा गोळ्या १२ ते १४ मिमीत बसायला हव्यात. फायनलमध्ये दशांशात गुण धरतात आणि तिथे एकेक दशांश ०.८ मिमीचा असतो.

आता तुमची निवड. मॅच चेंबर (काडतूस घट्ट बसेल अशी नेमक्या मापाची जागा) असलेल्या सीझेड ४५७ ला मानवणारा काडतुसांचा लॉट (एका वेळी बनलेला, एकाच क्रमांकाचा गट) सापडला तर तिची नळी या मापाच्या जवळ जाते. ती कमी पडते बाकीच्या गोष्टींत. तिचा चाप साधारण ८०० ग्रॅमच्या खाली उतरत नाही. ५४ ॲक्शनचा दोन टप्प्यांचा मॅच ट्रिगर १०० ग्रॅमच्या आसपास लावता येतो आणि दुसरा टप्पा कुठे सुरू होतो ते बोटाला नेमकं कळतं. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारताना गालपट्टीची उंची, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटची लांबी आणि कोन, हाताखालचा आधार हे सगळं बदलावं लागतं. सीझेडच्या साध्या दस्त्यात ती सोय नाही, आणि पीप साइटचा (बारीक भोकातून नेम धरायचा) संच वेगळा घेऊन बसवावा लागतो. सगळं जोडेपर्यंत खर्च वाढतो आणि चाप तोच राहतो. टेबलावर रायफल टेकवून दुर्बिणीने मारायचं असेल तर आम्ही बेधडक सीझेड सांगितली असती. तुमच्या मुलासाठी नाही. चांगल्या नळीची वापरलेली ५४ घ्या.

वाल्थर केके ५००, फाइनवेर्कबाऊ २८००, ब्लाइकर अशी नावंही तुमच्या कानावर येतील. या रांगेत एका कंपनीच्या दोन नळ्यांमध्येच इतका फरक पडू शकतो की कंपन्यांची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. तिथे दस्ता कुणाच्या अंगाला बसतो हे बघावं.

वापरलेली बघताना बोल्ट काढून नळी रिकामी असल्याची खात्री करा आणि नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली बघा. एका बाजूला चरा किंवा झीज असेल तर गोळी सुटताना मागचा वायू एकीकडून आधी निसटतो आणि गोळी कलते. अशी कड कारागिराकडून पुन्हा कातून घेता येते, पण भाव त्या हिशेबाने करा. मग चेंबरच्या मागच्या कडेवर पिनेचा (चाप ओढल्यावर काडतुसाला ठोकणाऱ्या दांडीचा) खळगा आहे का ते बघा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिल्याने तो पडतो आणि त्यामुळे काडतूस आत जाताना किंवा बाहेर येताना अडतं. शेवटी, विकणाऱ्याच्या नव्हे तर तुमच्या काडतुसांनी दहा-दहाचे निदान चार ग्रुप मारून बघा.

आणि .२२ साठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा शस्त्रपरवाना लागतो. विकणाऱ्याने आधी लेखी कळवून दोन्ही परवान्यांवर नोंद झाल्याशिवाय रायफल घरी आणू नका, विकणारा अगदी नात्यातला असला तरी.

काडतुसांचे लॉट तपासून घ्या असं प्रशिक्षक सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं? महागातली एले कंपनीची टेनेक्स काडतुसं घेतली तर तपासायची गरज उरते का?
— एक नेमबाज, मिरज

उरते. या अंकात एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

.२२ सारख्या रिमफायर काडतुसात पेट घेणारं मिश्रण तळाच्या कडेत असतं. ओलं मिश्रण टाकून रिकामी पुंगळी गरगर फिरवतात आणि ते कडेत पसरतं. ते कुठे जाड, कुठे पातळ राहिलं किंवा कडेच्या जाडीत फरक पडला की पेट घेणं बदलतं आणि त्याबरोबर वेगही. सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसात हे मिश्रण तळाच्या मध्यात असतं) आपली काडतुसं घरी भरून हा फरक कमी करतात, आपल्याला ती सोय नाही. यंत्रातून जे निघेल ते घ्यायचं. म्हणून एकाच नावाच्या दोन लॉटांत फरक असतो, आणि एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या नळीला आवडत नाही.

वेगातल्या फरकाचा परिणाम मोजून बघा. मॅच गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. त्यात १० मीटरचा फरक पडला की ५० मीटरवर सुमारे ७ मिमी वर-खाली होतं. म्हणजे जवळजवळ एक अख्खी रिंग, आणि नेमबाजाचा त्यात काही दोष नसतो.

चाचणीचा हिशेब सोपा आहे. डबा ५० चा असतो आणि एका लॉटला एक डबा बरोबर पुरतो. पहिल्या १० गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं, आणि नळीला नव्या वंगणाचा थर धरायला तेवढ्या लागतात. उरलेल्या ४० चे दहा-दहाचे चार ग्रुप. पुढे-मागे वाळूच्या पिशव्या घ्या, खांद्याचा दाब प्रत्येक वेळी सारखा ठेवा आणि वारा उठायच्या आत, सकाळी लवकर उरका. चार-पाच लॉट असे झाले की पहिले दोन निवडा आणि दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने पुन्हा मारा. पहिल्या दिवशी जो शेवटी मारला त्याच्या वाट्याला वारा आणि थकलेला डोळा दोन्ही आलेले असतात.

मोजताना सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून एका भोकाची रुंदी वजा करा. कागदातलं भोक ५.६ मिमीपेक्षा जरा लहान दिसतं, म्हणून ही रुंदी त्याच कागदावरच्या एकट्या भोकावरून घ्या. चारही कागद उजेडासमोर एकावर एक धरले की चाळीस गोळ्यांचं खरं चित्र दिसतं. ते उभं लांबट असेल तर वेगातला फरक, आडवं असेल तर बहुधा वारा. नऊ एकत्र आणि एक लांब असं चारही कागदांवर दिसलं तर तो लॉट सोडून द्या. स्पर्धेत ती दहावी गोळी कुठल्या क्षणी येईल ते सांगता येत नाही.

महागड्या लॉटांमध्ये अशा उडालेल्या गोळ्या सहसा कमी असतात, पैसे त्याचेच. पण तुमच्या नळीत एसके रायफल मॅच या दुसऱ्या काडतुसाने टेनेक्सला मागे टाकलं तर आश्चर्य मानू नका. काडतुसं बनवणाऱ्या लापुआचं जर्मनीत शोनेबेकला आणि एलेचं बर्मिंगहॅमला चाचणी केंद्र आहे, तिथे रायफल शिकंज्यात धरून लॉट निवडून देतात. मिरजेहून तिथे कोण जाणार! त्यापेक्षा क्लबातल्या पाच जणांनी वेगवेगळे लॉट आणून डबे वाटून घ्यावेत. आणि लॉट पसंत पडला की त्याच आठवड्यात दुकानदाराला लॉट क्रमांक सांगून परवान्यात बसेल तेवढा साठा उचला. महिन्याने त्याच नावाचा डबा मिळेल, तो लॉट मिळेलच असं नाही.

रायफल दीड वर्षं उत्तम चालली. आता दहात एखादी गोळी आठात जाते. नळी झिजली का?
— कराडहून एक वाचक

नाही. .२२ ची शिशाची गोळी नळी इतक्या लवकर झिजवत नाही. नळीवर खापर फोडण्याआधी तीन गोष्टी बघा, याच क्रमाने.

पहिले, दस्त्याचे स्क्रू. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि मूळचा ताण बदलतो. टॉर्क रेंचने कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. लाकडी दस्त्याला तो बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हाताच्या अंदाजाने आवळू नका. त्याच वेळी साइट हलवून बघा.

दुसरं, कार्बनची कडी. तुमच्या वर्णनावरून आमचा संशय हिच्यावर आहे. चेंबर संपून आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतात तिथे जळालेली पूड, वंगण आणि पेटत्या मिश्रणातली काचेची भुकटी मिळून दगडासारखा थर धरते. काडतूस शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला जोर मागायला लागलं की समजा. नुसतं फेल्ट (नळी पुसायची लोकरी गुंडाळी) फिरवून तो जात नाही. नळीचं तोंड खाली कलतं ठेवा, म्हणजे द्रव चापात उतरणार नाही. मागून बोअर गाइड (सळई सरळ ठेवणारी नळी) लावा. कार्बनसाठीचा द्रव लावलेला फेल्ट त्या जागी १० ते १५ मिनिटं ठेवा, मग कांस्याचा ब्रश त्या भागातून हलक्या हाताने पुढे न्या. नळीच्या मध्ये ब्रशची दिशा उलटवू नका, तोंडातून बाहेर काढून सळईवरून उतरवा. फेल्ट कोरडा निघेपर्यंत पुसा. तेलाचा थर राहिला तर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. साफसफाईनंतर १० ते २० गोळ्या ग्रुप सैलच असतो. तेवढ्यावरून घाबरून पुन्हा साफ करायला बसलात तर ग्रुप कधीच बसणार नाही.

तिसरं, पिन आणि तिची स्प्रिंग. दहा रिकाम्या पुंगळ्या ओळीने ठेवा. खुणा उथळ किंवा कमी-जास्त खोल असतील तर बोल्ट उघडून साफ करा. आत साचलेलं घट्ट तेल पिनेला मंद करतं. तरी फरक पडला नाही तर स्प्रिंग बदला. ती नळीच्या मानाने फारच स्वस्त.

तिन्हीत काही सापडलं नाही तर डब्यावरचा लॉट क्रमांक बघा. बहुतेक वेळा तो मध्येच बदललेला असतो आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

आमच्या उघड्या रेंजवर दुपारी वारा असतो. त्यासाठी जड गोळीची किंवा लांब नळीची रायफल घ्यावी का?
— सातारा तालुका

चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत! पण रायफल बदलून वारा टळत नाही. मॅच काडतुसात ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमचीच गोळी असते. बाजूने येणाऱ्या ताशी साडेतीन-चार किलोमीटरच्या झुळकीने, म्हणजे सेकंदाला एक मीटर वाऱ्याने, ती ५० मीटरवर सुमारे ७ मिमी सरकते. लांब नळीनेही गोळीचा वेग फारसा वाढत नाही. .२२ ची पूड पहिल्या ४० सेंटिमीटरमध्येच जवळजवळ सगळं काम उरकते. लांबीचा उपयोग पुढची आणि मागची साइट एकमेकींपासून दूर नेण्यासाठी.

करण्यासारखं एवढंच : रेंजवर १० आणि ३० मीटरला हलक्या रिबिनी लावा, एक दिशा आणि एक जोर ठरवा, आणि रिबीन तशी दिसेल तेव्हाच गोळी सोडा. नळीजवळच्या वाऱ्याला जास्त मान द्या, कारण तिथे वळलेली गोळी उरलेलं अंतर त्याच कोनात जाते. साइटचे क्लिक फिरवायचे ते वारा टिकून राहिला तर. झुळकेझुळकेला साइट फिरवणारा शेवटी आपण कुठे होतो तेच विसरतो.

हाय व्हेलॉसिटी काडतूस वेगवान असतं, मग ते जास्त अचूक का नाही? आणि उन्हाळ्यात काडतुसं कशी ठेवावीत?
— एनसीसी छात्र, तासगाव

हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजापेक्षा वेगाने निघते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येते. २० अंशांना तो वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद असतो. हा टप्पा ओलांडताना गोळी डगमगते. मॅच गोळी मुळातच त्याखाली निघते, म्हणून तिला हा धक्का बसत नाही.

उन्हाळ्यात बंद गाडीत डबा ठेवू नका. गोळीवरचं मेणासारखं वंगण वितळून पुंगळीवर उतरतं आणि पुढे नळीत कमी-जास्त लागतं. थंड सकाळी लावलेला झीरो (साइटची जुळवणी) चाळीस अंशांच्या दुपारी धरू नका. काडतूस तापलं की वेग वाढतो आणि गोळी वर लागते. डबा सावलीत, झाकण बंद ठेवा आणि एका वेळी दहाच काडतुसं बाहेर काढा.