मॅग्नेटारचे चुंबकत्व मोजतात तरी कसे?

प्रश्न : मॅग्नेटार नावाचे न्यूट्रॉन तारे (महाकाय ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेले अतिघन गाभे) हे विश्वातील सर्वांत प्रबळ चुंबक असल्याचे वाचनात आले. हजारो प्रकाशवर्षे दूर असलेल्या, जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र मोजतात कसे? त्यासाठी अवकाशातल्याच दुर्बिणी का लागतात?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. या ताऱ्यांच्या पृष्ठभागाचे तापमान काही दशलक्ष अंश असल्यामुळे त्यांचे प्रारण मुख्यतः क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडते, आणि क्ष-किरण पृथ्वीचे वातावरण भेदून जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत.

पहिल्या प्रश्नातील ‘मोजतात’ हा शब्द मात्र थोडा सैल आहे. खरे तर ते क्षेत्र अनुमानाने काढले जाते. पृष्ठभागावरील तप्त भाग ताऱ्याच्या प्रत्येक फेरीबरोबर आपल्यासमोर येतो व दूर जातो, त्यामुळे क्ष-किरणांची तीव्रता ठरावीक काळाने कमीजास्त होते आणि त्यावरून ताऱ्याचा परिवलनकाळ, म्हणजे स्वतःभोवती एक फेरी मारायला लागणारा वेळ, कळतो. फिरणारा चुंबक ऊर्जा गमावतो आणि त्याची गती मंदावते. क्षेत्र जितके प्रबळ तितके हे मंदावणे जास्त. रॉसी या क्ष-किरण उपग्रहाच्या निरीक्षणांवरून क्रिसा कुव्हेलियोटू आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एसजीआर १८०६-२० या ताऱ्याचा परिवलनकाळ ७.४७ सेकंद असल्याचे आणि तो वर्षाला सुमारे २.६ मिलिसेकंदांनी वाढत असल्याचे दाखवले. या दोन आकड्यांवरून क्षेत्र निघाले सुमारे ८०० लाख कोटी गाउस (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक). पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गाउसच्या आसपास असते. असे तारे असावेत, हे डंकन आणि थॉम्प्सन या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्येच मांडले होते.

परंतु या पद्धतीने कळते ते केवळ ताऱ्यापासून दूरवर पसरलेले, साध्या दोन ध्रुवांचे क्षेत्र. पृष्ठभागालगतची गुंतागुंत तिच्या हाती लागत नाही, आणि माझ्या मते खरी मौज तिथेच आहे. एसजीआर ०४१८+५७२९ हा तारा इतका हळू मंदावतो की त्याचे क्षेत्र सुमारे ६ लाख कोटी गाउस, म्हणजे सर्वसाधारण पल्सारइतकेच (पल्सार म्हणजे ठरावीक काळाने स्पंद पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा) भरते. तरीही त्याचे स्फोट मॅग्नेटारसारखे आहेत. एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने घेतलेल्या त्याच्या वर्णपटात एक शोषणरेषा (ठरावीक ऊर्जेचे किरण शोषले गेल्याने पडलेली खाच) आढळली, जिची ऊर्जा ताऱ्याच्या फेरीबरोबर बदलत राहते. ही रेषा चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालणाऱ्या प्रोटॉनांमुळे उमटत असेल, तर पृष्ठभागाजवळच्या एखाद्या छोट्या चुंबकीय कमानीत क्षेत्र २०० लाख कोटी गाउसच्या पुढे जाते. यातला ‘असेल तर’ महत्त्वाचा आहे.

ऊर्जेचा हिशोबही चुंबकत्वाकडेच बोट दाखवतो. ४यू ०१४२+६१ हा तारा परिवलन मंदावल्याने जितकी ऊर्जा गमावतो, त्याच्या शेकडो पट ऊर्जा क्ष-किरणांतून बाहेर टाकतो. ती क्षीण होत जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातून येते, असे मानले जाते. २०२१ च्या डिसेंबरात प्रक्षेपित झालेल्या आयएक्सपीई या उपग्रहाने पुढच्याच वर्षी याच ताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरी कितपत एकाच दिशेत कंप पावतात ते, मोजले. ते २ ते ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (किरणांच्या ऊर्जेचे एकक) पट्ट्यात सुमारे १५ टक्के भरले, ४ ते ५ च्या दरम्यान जवळजवळ नाहीसे झाले आणि ५.५ च्या पुढे सुमारे ३५ टक्क्यांवर गेले. शिवाय त्याची दिशा ९० अंशांनी बदलली होती. कमी ऊर्जेचे किरण थेट पृष्ठभागावरून, कदाचित वातावरण नसलेल्या घन कवचावरून येत असावेत, तर जास्त ऊर्जेचे किरण पीळ पडलेल्या चुंबकीय क्षेत्रातील विद्युत्भारित कणांवरून विखुरलेले असावेत, असा त्याचा अर्थ लावला गेला. गाउसमधला आकडा ध्रुवीकरणातून थेट मिळत नाही. त्यासाठी आजही मुख्यतः मंदावणाऱ्या परिवलनाचाच आधार घ्यावा लागतो.