‘आग होतेय’ हे तिथे कोणाला कळणार?

पत्र:

ताई, माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, अडीच वर्षांपासून केअर होममध्ये. स्मृतिभ्रंश खूप पुढे गेलाय. इंग्रजी पूर्ण विसरल्या, मराठीतलेही मोजकेच शब्द उरलेत. डावा कान गेलाय, उजव्याने ऐकू येतं. गेल्या दोन महिन्यांत दोनदा न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. आता डॉक्टर म्हणतात, पॅलिएटिव्ह केअर सुरू करू. माझे मिस्टर या विषयावर तोंडच उघडत नाहीत. धाकटे दीर दुसऱ्या देशात असतात, ते फोनवर म्हणतात, ‘आईला उपाशी मारताय का? नळी घालायला सांगा.’ मॉर्फिनचं नाव निघालं की घरात सगळे गप्प. रोज जाते मी, पण मी सून. मी कोणाशी आणि काय बोलायचं?

उत्तर:

‘पण मी सून’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. कोणत्या कुशीवर वळवलं की त्या कण्हतात, कोणाचा हात त्या झिडकारतात, कोणाच्या हातून दोन घोट पाणी घेतात, हे तुम्हाला रोजच्या जाण्यातून ठाऊक आहे. सही कोणाची चालते हा वेगळा प्रश्न आहे, त्याकडे मी पुढे येते. पण पॅलिएटिव्ह केअर ज्या माहितीवर चालते, ती या घडीला सगळ्यांत जास्त तुमच्याकडे आहे.

आधी त्या शब्दाबद्दल बोलू. पॅलिएटिव्ह म्हटलं की आपल्याला ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असंच ऐकू येतं. खरं तर या शाखेची सुरुवातच त्या समजुतीला विरोध म्हणून झाली. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, आणि मरणपंथाला लागलेल्या माणसांच्या वेदनेकडे कोणी नीट लक्ष देत नाही हे पाहून पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा माणसांच्या शुश्रूषेचं घर, सुरू केलं. माणसाचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं. भीती, एकटेपण, घरच्यांची काळजी, आयुष्याचा अर्थ काय हा प्रश्न, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. बरं करणं हातात नसलं तरी या प्रत्येकावर काम करता येतं, आणि ते काम म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर. ती फक्त कर्करोगासाठी नसते. स्मृतिभ्रंश, थकलेलं हृदय, निकामी होत चाललेली मूत्रपिंडं, पार्किन्सन्स या सगळ्यांत ती चालते, आणि बाकीचे उपचार चालू असतानाही चालते.

ती लवकर सुरू केली म्हणून माणूस लवकर जातो, असंही नाही. बॉस्टनमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी होतं, शेवटच्या दिवसांतली उपचारांची झोंबाझोंबी कमी होती, आणि तरी ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. कर्करोगाचा आकडा स्मृतिभ्रंशाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘पॅलिएटिव्ह म्हणजे सोडून देणं’ हे मनातून काढायला तो पुरेसा आहे.

आता माझ्या वडिलांची गोष्ट सांगते, कारण तुमच्या पत्रातलं ‘इंग्रजी पूर्ण विसरल्या’ वाचून तीच आठवली. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. बाबाही अशाच एका केअर होममध्ये होते. एकदा मी तापाने आजारी होते म्हणून चार दिवस जाऊ शकले नाही. पाचव्या दिवशी गेले तर बाबा गुंगीत. नोंदवही पाहिली. चारही रात्री लिहिलं होतं: अस्वस्थ, गोंधळलेले, एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलतात. त्यासाठी शांत करणारं औषध दिलेलं. रात्रपाळीच्या मुलीला विचारलं, कोणता शब्द? तिने प्रामाणिकपणे आठवून सांगितला: ‘आग, आग.’ सदरा वर केला, तर बरगड्यांवरून पाठीपर्यंत नागिणीचे फोड उठले होते. नागिणीत फोड येण्याआधी काही दिवस नुसती आग होते. बाबा चार रात्री अगदी नेमकं सांगत होते. ऐकणारं माणूस नव्हतं. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला कोणी तो शब्द सांगितलाच नव्हता. मीही नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम मी हे धरते. एक मोठा कागद घ्या. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा: ठणकतंय, कळ येतेय, चमक निघतेय, आग होतेय, टोचतंय, मुंग्या येतायत, जीव घाबरा होतोय. यातले सासूबाई जे वापरतात, किंवा पूर्वी वापरायच्या, ते मोठ्या अक्षरांत लिहा. शेजारी तिथल्या लोकांना वाचता येईल अशा लिपीत उच्चार आणि समोर अर्थ. घसा कोरडा पडला की काय म्हणतात, लघवीला जायचं असलं की काय म्हणतात, तेही. हा कागद भिंतीवरही हवा आणि फाइलमध्येही, कारण रात्रीचा माणूस रोज बदलतो.

जेव्हा शब्दही उरणार नाहीत, तेव्हा चेहरा आणि अंग बोलतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेली ॲबी पेन स्केल नावाची एक पद्धत आहे, खास बोलू न शकणाऱ्या वृद्धांसाठी. तीत सहा गोष्टी पाहतात: कण्हणं, चेहऱ्यावरचे भाव, अंग चोरणं किंवा आखडणं, वागण्यातला बदल, नाडी-ताप-घाम, आणि जखमा किंवा सांध्यांचं दुखणं. ‘आईंची वेदना कोणत्या पद्धतीने मोजता, आणि दिवसातून किती वेळा?’ हे तिथल्या नर्सला विचारा. कूस बदलताना मोजली तर जास्त कळतं. नुसतं पडलेल्या माणसाचं दुखणं दिसत नाही.

दिरांच्या प्रश्नाकडे येते. उपाशी मारणं हा शब्द फार जिव्हारी लागतो, मला कळतं. पण स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात गेला की गिळण्याची क्रियाच विस्कळीत होते, आणि शरीराची भूकही मिटत जाते. माणूस खात नाही म्हणून चाललेला नसतो, चाललाय म्हणून खात नसतो. या टप्प्यावर नळीने अन्न घातलं तर आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा नाही. लाळ आणि पोटातलं वर आलेलं तरीही फुफ्फुसात जातंच. शिवाय नळी उपटू नये म्हणून कधी कधी हात बांधून ठेवतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे: अशा रुग्णाला नळी नको, हाताने, सावकाश, घेतील तेवढंच भरवा. ताठ बसवून, छोट्या चमच्याने, आधीचा घास गिळला हे पाहून पुढचा. तोंड मिटलं की थांबायचं. ते मिटलेलं तोंड हेही त्यांचं बोलणंच आहे.

सलाइनचंही तसंच. शेवटच्या दिवसांत शरीर पाणी पेलू शकत नाही, ते पायांत आणि छातीत साठतं. तहानेचा त्रास होतो तो बहुतेक कोरड्या तोंडाचा, आणि त्यावर तुमच्या हातात उपाय आहे. मऊ स्पंजची काडी पाण्यात बुडवून, निथळून, आधी ओठ, मग गालांच्या आतून, मग जिभेवरून अलगद फिरवायची. ओठांना मलम लावायचं. तासा-दोन तासांनी पुन्हा. नर्सकडून एकदा शिकून घ्या आणि मिस्टरांना करायला द्या. जो मुलगा बोलू शकत नाही, त्याला कधी कधी काहीतरी करायला हवं असतं.

आता मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचं. दुखण्याच्या प्रमाणात, थोड्यापासून सुरू करून वाढवलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. धाप लागते तेव्हाही ते लहान मात्रेत देतात, श्वासाची घुसमट त्याने सैल पडते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप जास्त येते. बद्धकोष्ठ हटकून होतं, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून चालू केलंय ना, हे विचारा. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात, तेही विचारा. गिळता येईनासं झालं की कातडीखाली बारीक सुई ठेवून बॅटरीवरच्या छोट्या पंपाने औषध सावकाश चालू ठेवतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: वेदना, धाप, घालमेल आणि घशातली घरघर, या चारांची औषधं गरज पडण्याआधीच लिहून, आणून ठेवलेली असायला हवीत. शुक्रवारी संध्याकाळी त्रास सुरू झाला आणि सोमवारपर्यंत सही करायला डॉक्टर नाही, असं फार ठिकाणी होतं. ‘आज रात्री गरज लागली तर औषध इमारतीत आहे का, आणि ते द्यायला कोण आहे?’ हा प्रश्न नेमका याच शब्दांत विचारा.

डॉक्टरांबरोबर एक सविस्तर बैठक मागून घ्या. दुभाषा लागणार असेल तर घरातल्या नातवंडाला ते काम देऊ नका, तिथल्या अधिकृत दुभाष्याची सोय मागा. आजीच्या मरणाचं भाषांतर सोळा वर्षांच्या पोरावर टाकू नये. बैठकीत हे ठरवा: पुन्हा न्यूमोनिया झाला तर हॉस्पिटलला न्यायचं, की इथेच जेवढं होईल तेवढं करायचं? हृदय थांबलं तर छाती दाबून पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा का? इतक्या थकलेल्या शरीरात तो जवळजवळ कधीच यशस्वी होत नाही, आणि बरगड्या मोडतात. ‘तो करू नका’ असं लिहून दिलं म्हणजे बाकीची शुश्रूषा थांबते असं मुळीच नाही. सही कोणाची, हे त्या देशाच्या कायद्यावर आणि सासूबाईंनी पूर्वी कोणाला लेखी नेमलंय का यावर ठरतं. बऱ्याच जागी मुलगा आहे म्हणून आपोआप अधिकार मिळत नाही. तो कागद या आठवड्यात शोधा.

दिरांना व्हिडिओ कॉलवर या बैठकीत घ्याच. लांबून आलेलं मूल शेवटच्या घडीला सगळे उपचार करा म्हणून हट्ट धरतं, हे इतकं सार्वत्रिक आहे की १९९१ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या वैद्यकाच्या एका नियतकालिकात त्याला ‘कॅलिफोर्नियाची लेक’ असं नावच दिलं गेलं. त्यामागे बहुतेक वेळा प्रेम असतं, आणि जवळ नसल्याचा सल. तुमच्या दिरांच्या डोळ्यांसमोर अजून दोन वर्षांपूर्वीची आई आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एकदा भरवतानाची पंधरा मिनिटं दाखवा. मग डॉक्टरांना थेट प्रश्न विचारू द्या, तुमच्या तोंडून नको.

शेवटचे दिवस आले की श्वास बदलतो. भराभर, मग मंद, मग मध्येच थांबतो, मग पुन्हा सुरू. हातपाय गार पडतात, कातडीवर जांभळट नक्षी उठते. घशात घरघर होते, ती ऐकणाऱ्यालाच जास्त छळते. एका कुशीवर वळवलं की कमी होते. रात्रंदिवस बसलेलं माणूस हात धुवायला उठतं आणि तेवढ्यात श्वास थांबतो, हेही फार होतं. तसं झालं तर स्वतःला बोल लावू नका.

कान बराच काळ साथ देतो. शुद्ध हरपलेल्या, शेवटच्या तासांतल्या काही रुग्णांच्या मेंदूने आवाजाला प्रतिसाद दिल्याचं कॅनडातल्या २०२० च्या एका अभ्यासात दिसलंय. तेव्हा दिरांचा फोन आला की तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवू नका. सासूबाईंच्या उजव्या कानाशी धरा, आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत तुम्ही बाहेर जाऊन बसा.