पहिल्यांदा तळ्यात मत्स्यजिरं, म्हणजे माशाची नुकती जन्मलेली पिल्लं, सोडतोयस, तर एवढं ऐक

तळ्याच्या वरच्या अंगाला ऊस आहे म्हणालास, म्हणून लिहितोय. आपल्या सांगलीच्या वाळव्याकडं उसाची आडसाली (दीड वर्षाच्या पिकाची) लागण जुलै-ऑगस्टात. लागणीनंतर लगेच अॅट्राझिन या तणनाशकाची फवारणी, आणि मत्स्यजिरं मिळायचा हंगामही नेमका तोच. वरनं एक दणका पाऊस झाला की सरीतलं पाणी थेट तळ्यात.

मोठा रोहू कदाचित तगेल, पण जिऱ्याचं तसं नाही. रोहू-कटल्याचं अंडं १४ ते २० तासांत फुटतं, पुढं तीनेक दिवस पिल्लू पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवरच जगतं. हृदय, कणा, डोळे सगळं याच घाईत घडतं. त्यात तणनाशक गेलं तर पिशवी पाण्यानं फुगते, हृदयाभोवती सूज येते, कणा वाकतो. काचेच्या पेल्यात जिरं घेऊन उजेडाला धर. चांगलं पिल्लू बाणासारखं सुटतं, बिघडलेलं स्वल्पविरामासारखं वाकून एकाच जागी गरगरतं.

ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक 'सौम्य' म्हणून कुणी गळ्यात मारेल. त्यात पानाला चिकटायला जो साबणासारखा पदार्थ घालतात, तो माशाला मूळ औषधापेक्षा जास्त बाधतो. शिवाय अॅट्राझिन शेवाळही मारतं. म्हणजे प्राणवायू कमी, पिल्लाचं खाणंही कमी.

वरच्या बाजूला चर काढ, बांध उंच कर. फवारणी झाली असेल तर जिरं थांबव, बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) घे, महाग पडली तरी. आणि फवारणीचा पंप तळ्यावर धुवायचा नाही. मी धुतला होता एकदा. हाप्यातलं, म्हणजे तळ्यात बांधलेल्या जाळीतलं, निम्मं जिरं सकाळी तळाला होतं.