घाटातली वाफ आणि उणे २५ ची थंडी

प्रश्न : मामांच्या अल्बममध्ये एक फोटो आहे, बर्फातल्या उंच पुलावर दोन काळी वाफेची इंजिनं लावलेली मालगाडी, मागे पेनने 'जिंगपेंग, चीन, २००४' लिहिलंय. वाफ इतकी पांढरीशुभ्र आणि जाड कशी आली, आणि असा फोटो आज काढता येईल का?

उत्तर : पहिल्यांदा मामांना माझा नमस्कार सांगा, कारण मीही त्याच वर्षी जानेवारीत तिथे होतो! जिंगपेंगचा घाट लागतो तो चीनच्या इनर मंगोलियातल्या जीनिंग ते तोंगल्याव लाइनवर. ही लाइन ९०० किमीहून लांब, आणि गंमत बघा, ती सुरू झाली १९९५ मध्ये, म्हणजे आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं बंद झाली त्याच वर्षी, आणि तिथे नव्या कोऱ्या लाइनवर ती कामाला लागली. कोळसा जवळच मिळायचा आणि क्यूजे जातीची जुनी चिनी वाफेची इंजिनं स्वस्तात. मोठी दहा चाकं एकाला, दोन जोडली की घाटात जड मालगाडी चढायची.

वाफ जाड दिसते ती थंडीमुळे. उणे २० - २५ मध्ये धुराड्यातून बाहेर पडताक्षणी तिचे बारीक थेंब होतात आणि ती विरायला वेळ लागतो, उन्हाळ्यात तेच इंजिन फिकट फिकट दिसतं. पण थंडीएवढंच महत्त्वाचं म्हणजे चढ. उतारावर इंजिन नुसतं घरंगळत येतं, वाफ नाही, आवाज नाही, फोटोत मेल्यासारखं दिसतं, म्हणून आधी नकाशा बघून चढ कुठल्या बाजूला आहे ते ठरवा आणि मग वारा बघा. वारा गाडीकडून तुमच्याकडे येत असेल तर वाफ डब्यांवर आडवी पसरते आणि फ्रेममध्ये पांढऱ्या भिंतीशिवाय काही उरत नाही, माझा एक अख्खा दिवस असाच गेलाय.

याच घाटातल्या सिमिंगयीच्या वळणदार पुलासमोर टेकडीवर उभं राहिलं की गाडी दिसायच्या बऱ्याच आधी ऐकू यायची, कारण लाइन वळणं घेत घेत वर येते. दोन्ही इंजिनांचे ठोके थोडा वेळ एकसाथ पडतात, मग मागेपुढे होतात, परत जुळतात, ते ऐकताना कॅमेरा हातात आहे हेच विसरायला होतं. बोटं तर बधिर झालेलीच असतात.

सेटिंगचं म्हणाल तर बर्फामुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि बर्फ राखाडी येतो, एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). शटर स्पीड १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका. सूर्य खाली असताना त्याच बाजूला उभे राहा म्हणजे चाकं आणि कनेक्टिंग रॉड उजळतात. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला चिकटून. आणि खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तासभर उघडूच नका, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं.

तिथे आज तसा फोटो नाही मिळणार, २००५ च्या डिसेंबरात घाटातली रोजची वाफ संपली, डिझेल आली. जर्मनीच्या हार्त्स डोंगरात मात्र वाफेच्या गाड्या अजून ब्रोकेन शिखरावर चढतात, त्या प्रवासी गाड्या, पण युरोपात काही ठिकाणी फोटोवाले वर्गणी काढून जुने मालडबे जोडलेली खास गाडी चालवून घेतात, ते जमतंय का बघा.

आणि मामांना एक विचाराच, त्या दिवशी वारा कुठल्या बाजूचा होता?